शंका तुमच्या, उत्तरे आमची : लैंगिक कल जन्मजात की घडवलेला, आणि ‘नैसर्गिक’ म्हणायचे कशाला?

गेल्या अंकातल्या समलैंगिकतेवरील लेखानंतर पत्रांचा ढीग आला. काहींचे म्हणणे, ‘हे जन्मजात असते हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, मग वाद कसला?’ काहींचे म्हणणे, ‘हे निसर्गाविरुद्ध आहे, मग चर्चा कसली?’ दोन्ही पक्षांना घाई झाली आहे. खालची उत्तरे एक मनोविकारतज्ज्ञ आणि जनुकशास्त्राच्या एक अभ्यासक अशा दोघांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत. (वाचकांच्या असल्याच प्रश्नांना मासिकातून उत्तरे दिली म्हणून १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर मुंबईत खटला चालला होता. त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्व्यांना दंड झालाच.)

‘समलैंगिकतेचे जनुक सापडले’ असे पूर्वी वाचले होते. आता म्हणतात, तसे जनुक नाहीच. मग जन्मजात की नाही, ते एका शब्दात सांगा.
— निवृत्त बँक अधिकारी, पुणे

एकाच शब्दात हवे असेल तर : बरेचसे. पण त्या शब्दाने तुमचे समाधान होणार नाही, म्हणून थोडे सविस्तर.

तुम्ही वाचलेत ते १९९३ मधले अमेरिकी संशोधक डीन हेमर यांचे काम. दोघेही समलैंगिक असलेल्या सख्ख्या भावांच्या ४० जोड्या त्यांनी तपासल्या. ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या टोकाचा ‘एक्सक्यू२८’ नावाचा भाग दोन्ही भावांत सारखा निघाला. निव्वळ योगायोगाने तो सुमारे २० जोड्यांत सारखा निघायला हवा होता. म्हणजे निष्कर्ष लक्षवेधी होता, पण तो ‘या भागात काहीतरी असावे’ इतकाच होता. मथळे देणाऱ्यांनी त्याचे ‘गे जनुक’ करून टाकले. १९९९ मध्ये कॅनडातल्या एका गटाला तोच दुवा सापडला नाही. पुढे ४०९ जोड्यांच्या अभ्यासात पुन्हा थोडा दुजोरा मिळाला. चाळीस जोड्यांच्या आधारावर उभा केलेला निष्कर्ष असाच हेलकावे खातो.

मग २०१९ मध्ये ४,७७,५२२ लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच ठिकाणे ठळकपणे पुढे आली. दोन स्त्री-पुरुष दोघांत, दोन फक्त पुरुषांत, एक फक्त स्त्रियांत. या पाचांचा एकत्रित प्रभाव एक टक्क्याहूनही कमी. जनुकांतले सगळे बारीकसारीक फरक एकत्र धरले, तर माणसामाणसांतल्या तफावतीचा ८ ते २५ टक्के भाग त्यांतून समजतो. थोडक्यात, जनुकांचा हात आहे, पण तो हजारो हातांत विभागलेला आहे. रक्त तपासून कुणाचा कल सांगता येत नाही. कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर तो तुम्हाला गंडवतो आहे.

हे आकडे वाचताना लोक तीन ठिकाणी हमखास घसरतात.

पहिले : ८ ते २५ टक्के म्हणजे ‘माझा कल २५ टक्के जनुकांमुळे आणि ७५ टक्के संगतीमुळे’ असे नव्हे. हा आकडा लोकसमूहातल्या फरकांचा आहे, एका माणसाचा नाही.

दुसरे : त्या अभ्यासात मुख्य प्रश्न होता, ‘समलिंगी व्यक्तीशी तुमचा कधी एकदा तरी संबंध आला आहे का?’ आकर्षण, वर्तन आणि स्वतःची ओळख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्यभर पुरुषांचेच आकर्षण वाटूनही चारचौघांसारखे लग्न करून बसलेला माणूस या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो. कॉलेजात एकदा काहीतरी घडलेला माणूस ‘हो’ म्हणतो.

तिसरे : माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची होती, आणि ब्रिटनमधले सहभागी चाळिशी ते सत्तरीतले. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. त्या काळात वाढलेल्यांपैकी ‘हो’ म्हणणाऱ्यांत मुळातच धाडसी स्वभावाचे लोक जास्त असणार. तेव्हा सापडलेल्या जनुकांतली काही कलाची की धाडसाची, हा प्रश्न उरतोच.

एकसारख्या जुळ्यांपैकी एक समलैंगिक आणि दुसरा नाही, अशी उदाहरणे आहेत. जनुके तर दोघांची एकच. मग हे संस्कारांवर ठरते, हेच सिद्ध होत नाही का?
— विज्ञान शिक्षिका, नाशिक

प्रश्न नेमका आहे. अर्धा निष्कर्ष बरोबरही आहे : सगळे जनुकांवर ठरत असते, तर असे जुळे सापडलेच नसते. पण ‘जनुके नाहीत, म्हणजे संस्कार’ ही उडी चुकीची आहे.

आधी आकडे. १९९१ च्या एका गाजलेल्या अभ्यासात, एक जुळा भाऊ समलैंगिक असेल तर त्याचा एकसारखा जुळा भाऊही तसा असण्याचे प्रमाण ५२ टक्के निघाले, बिनएकसारख्या जुळ्यांत २२ आणि दत्तक भावांत ११ टक्के. अजूनही लोक हा ५२ चा आकडा फेकतात. फेकू नका. त्यातले जुळे समलैंगिकांच्या नियतकालिकांत जाहिराती देऊन गोळा केलेले होते. आपला भाऊही आपल्यासारखाच असेल, तर अशी जाहिरात पाहून पुढे येण्याची शक्यता वाढते. २००० साली ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून, म्हणजे कुणालाही निवडून न बोलावता, तोच हिशोब केला तेव्हा पुरुषांत प्रमाण २० टक्क्यांवर आले. तरीही सर्वसाधारण पुरुषांत हे प्रमाण दोन-तीन टक्के असताना २० म्हणजे कितीतरी पट आहे, हे विसरू नये.

२०१० मध्ये स्वीडनच्या जुळ्यांवर मोठा अभ्यास झाला. पुरुषांमधल्या फरकाचा ३४ ते ३९ टक्के भाग आनुवंशिक निघाला, स्त्रियांमध्ये १८ ते १९. तुमच्या वर्गात सांगावी अशी गोष्ट मात्र पुढे आहे. दोघांना सारखेच मिळालेले घर, आईवडील, शिस्त, आर्थिक स्थिती या सगळ्याचा वाटा पुरुषांमध्ये शून्य आणि स्त्रियांमध्ये १६ ते १७ टक्के आला. (या अंदाजांच्या आजूबाजूची अनिश्चितता मोठी आहे, पण दिशा स्पष्ट आहे.) उरलेला सगळा भाग ‘एकट्याच्याच वाट्याला आलेल्या परिस्थितीचा’. आणि या परिस्थितीची सुरुवात गर्भाशयात होते. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोड्यांना वेगवेगळी वार (प्लासेंटा) असते. रक्तपुरवठा कमीजास्त होतो, एकाचे वजन दुसऱ्यापेक्षा बरेच कमी भरते. जन्माआधीच घडून गेलेली गोष्ट आनुवंशिक नसूनही जन्मजात असू शकते.

त्याचा सगळ्यात पक्का पुरावा थोरल्या भावांचा आहे. १९९६ पासून कॅनडातल्या रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी दाखवून दिले की एकाच आईच्या पोटी आधी जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, पुढचा मुलगा समलैंगिक असण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढते. थोरल्या बहिणींचा असा परिणाम दिसत नाही. २००६ मध्ये बोगार्टनी कळीची तपासणी केली. ज्यांच्याबरोबर एका घरात वाढले असे सावत्र आणि दत्तक थोरले भाऊ मोजले, तर परिणाम शून्य. एकाच आईचे, पण वेगळ्या घरी वाढलेले भाऊ मोजले, तर परिणाम कायम. म्हणजे घरातली दादागिरी कारण नाही. कारण गर्भाशयात आहे. मुलाच्या वाय गुणसूत्रावरून तयार होणाऱ्या एका प्रथिनाविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि दर मुलागणिक वाढत जातात, असा तर्क आहे. सुमारे १५० लोकांच्या एका छोट्या अभ्यासात त्याला आधार मिळाला आहे. तेवढ्यावर शिक्कामोर्तब होत नाही.

आता हे वाचून चौथ्या मुलाच्या आईने धसका घेऊ नये. मूळ शक्यता २ टक्के धरली, तर एक थोरला भाऊ असताना ती साधारण २.६ होते, दोन असताना ३.५ आणि तीन असताना ४.६. म्हणजे तीन थोरले भाऊ असलेल्या शंभर मुलांतली पंचाण्णव इतर मुलांसारखीच.

मुलाने गेल्या वर्षी आम्हाला सांगितले. ह्यांची नोकरी फिरतीची, मुलगा माझ्याच जवळ वाढला, पुढे आठवीपासून होस्टेलला. आमचे कुठे चुकले?
— एक आई, सातारा

कुठेही नाही, ताई. हे तुम्हाला बरे वाटावे म्हणून सांगत नाही.

‘आई फार जवळची, वडील दूरचे, म्हणून मुलगा असा झाला’ ही मांडणी गेल्या शतकाच्या मध्यात मनोविश्लेषकांनी लोकप्रिय केली. त्यांनी पाहिलेले लोक मुळात उपचारांना आलेले होते. शिवाय कार्यकारण उलटे असण्याची शक्यता त्यांनी फारशी तपासलीच नाही. लहानपणी क्रिकेटपेक्षा रांगोळीत रमणाऱ्या मुलापासून वडीलच दूर जातात आणि आई त्याला पदराखाली घेते, असे घरोघरी दिसते. फिरतीची नोकरी करणारे वडील आपल्याकडे लाखांनी आहेत.

होस्टेलविषयीही असेच. मुलामुलांच्या होस्टेलमध्ये संबंध घडतात, पण ते सोयीने घडतात, कल त्याने ठरत नाही. याचे टोकाचे उदाहरण पापुआ न्यू गिनीतल्या सांबिया जमातीचे. तिथे मुलग्यांना लहानपणापासून कित्येक वर्षे मोठ्या मुलांबरोबर लैंगिक विधी सक्तीने करावे लागत. मानववंशशास्त्रज्ञ गिल्बर्ट हर्ड्ट यांनी त्याची तपशीलवार नोंद केली. मोठेपणी त्यांतले बहुतेक सगळे पुरुष बायकांशीच संसार करणारे झाले. सक्तीच्या, वर्षानुवर्षांच्या सवयीने जो कल बदलला नाही, तो होस्टेलच्या खोलीत बदलेल कसा?

संगोपनाची ताकद किती, याची परीक्षा अगदी वेगळ्या ठिकाणी झाली आहे. काही मुलगे जन्मतःच जननेंद्रियाच्या गंभीर दोषासह येतात, तर क्वचित एखाद्याचे शिश्न अपघातात नष्ट होते. पूर्वी अशा काही बाळांवर शस्त्रक्रिया करून त्यांना मुलगी म्हणून वाढवत. नाव मुलीचे, कपडे मुलीचे, त्या मुलाला काही सांगितलेले नाही. संगोपनाने कल घडत असेल तर या मुलांना मोठेपणी पुरुषांचे आकर्षण वाटायला हवे होते. नोंदवलेल्या मोजक्या घटनांत त्यांना मुख्यतः स्त्रियांचेच आकर्षण वाटले. घटना बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, पण याहून कडक परीक्षा कुणी मुद्दाम करूही शकत नाही.

तेव्हा ‘काय चुकले’ हा शोध थांबवा. मुलाने वर्षभरापूर्वी सांगितले, त्यानंतर तुमच्यात त्यावर बोलणे झाले का, हे पत्रातून कळत नाही. झाले नसेल तर ते आता करावे. त्याला बहुधा वयात येतानाच कळले असणार, तेव्हापासून तो हे एकटा वागवतो आहे.

नर आणि मादी यांचा संबंध प्रजननासाठी, हा निसर्गाचा नियम. त्यात न बसणारे ते अनैसर्गिक. यात चूक काय?
— निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

सर, ‘नैसर्गिक’ हे विशेषण आपण निदान तीन वेगळ्या कामांना जुंपतो : निसर्गात आढळणारे, बहुसंख्यांत आढळणारे आणि निसर्गाने नेमून दिलेल्या कामासाठी असलेले. वाद घालताना लोक एकातून दुसऱ्यात कधी शिरतात, ते त्यांचे त्यांनाही कळत नाही.

निसर्गात आढळते का? आढळते, आणि त्याचा सगळ्यात चोख अभ्यास मेंढ्यांवर झाला आहे. अमेरिकेत आयडाहोमधल्या सरकारी मेंढी संशोधन केंद्रातल्या कळपांवर हे काम झाले. कळपासाठी घेतलेला बीजू मेंढा मेंढ्यांकडे ढुंकूनही पाहत नसेल तर पैसे फुकट जातात, म्हणून तिथे नर मेंढ्यांची परीक्षा घेतात. दोन माजावर आलेल्या मेंढ्या आणि दोन मेंढे बांधून ठेवायचे, तपासायचा मेंढा मोकळा सोडायचा, तो कुणावर किती वेळा चढतो ते मोजायचे. पुन्हा पुन्हा मोजल्यावर सुमारे ८ टक्के मेंढे कायम मेंढ्यालाच पसंती देणारे निघाले. माजावरच्या मेंढ्या हाताशी असूनही. चार्ल्स रोझेली यांच्या गटाला त्यांच्या मेंदूतही फरक दिसला : हायपोथॅलॅमसमधला एक ठरावीक पुंजका मादीकडे वळणाऱ्या मेंढ्यांत सुमारे दुप्पट मोठा होता. त्या मेंढ्यांना कुणी पाश्चात्त्य चित्रपट दाखवले नव्हते.

(माणसांत असाच पुंजका सायमन लव्हे यांनी १९९१ मध्ये ४१ मृतदेहांचे मेंदू तपासून दाखवला होता. पण त्यातले समलैंगिक असलेले सर्व १९ पुरुष एड्सने गेलेले होते, आणि पुढच्या तपासणीत फरक तितका ठाम राहिला नाही. माणसाबाबत तो पुरावा जपून वापरावा.)

हवाईमधल्या ओआहू बेटावर लेसन अल्बट्रॉस पक्ष्यांच्या जोड्यांपैकी ३१ टक्के जोड्या दोन माद्यांच्या निघाल्या. तिथे नर कमी आहेत. माद्या कुठल्यातरी नराकडून अंडे फलित करून घेतात आणि दोघी मिळून पिल्लू वाढवतात. नर-मादीच्या जोडीइतके यश त्यांना मिळत नाही, पण एकटीने काहीच न करण्यापेक्षा बरे. मेंढ्यांची गोष्ट आणि या पक्ष्यांची गोष्ट एकच नव्हे : तिकडे अंगभूत पसंती आहे, इकडे परिस्थितीशी घातलेला मेळ.

पण सर, या उदाहरणांवरून ‘म्हणून माणसातही योग्य’ असे आम्ही म्हणणार नाही. जोधपूरजवळच्या हनुमान वानरांत टोळी बळकावणारा नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो. तेही निसर्गातच घडते. प्राण्यांचे उदाहरण एकाच दाव्याला उत्तर देते : ‘हे निसर्गात कुठेच नसते’ या दाव्याला. बरे-वाईट ठरवायला ते निरुपयोगी आहे, दोन्ही बाजूंना.

बहुसंख्यांत आढळते का? नाही. पण विरळ असणे हा दोष नव्हे, नाहीतर ‘ओ निगेटिव्ह’ रक्तगटाची माणसे अनैसर्गिक ठरतील.

राहिला तिसरा अर्थ, आणि तुमचा रोख त्यावरच आहे. तो कायद्यातही होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ३७७ ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला शिक्षा देई. निसर्गक्रम म्हणजे काय, ते कलमात कुठेच सांगितलेले नव्हते. १९२५ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधच्या न्यायालयाने खानू विरुद्ध एम्परर या खटल्यात कसोटी लावली : संभोगाचा नैसर्गिक हेतू गर्भधारणेची शक्यता हा आहे. ही कसोटी मान्य केली की पुढे काय होते पाहा. निरोध, तांबी, नसबंदी, रजोनिवृत्तीनंतरचे पतिपत्नीचे संबंध, वंध्य जोडप्याचे संबंध, सगळे त्याच रांगेत उभे राहतात. आणि १९५२ पासून कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम राबवणारा हा देश. लाल त्रिकोण भिंतीवर रंगवायचा आणि प्रजनन हाच एक हेतू म्हणायचे, हे एका तोंडाने जमत नाही. अवयवांना एकच काम असते हेही खरे नाही. जीभ चव घेते आणि व्याकरणही शिकवते. २०१८ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी नैसर्गिक काय आणि अनैसर्गिक काय हे ठरवायचे कुणी, असा प्रश्न विचारला होता, तो याच गोंधळाला धरून.

मुले होत नाहीत, तर असली जनुके पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी?
— अभियंता, ठाणे

पहिली गोष्ट, मुले होत नाहीत हे अलीकडचे. आपल्याकडे आजही असे कित्येक पुरुष आणि स्त्रिया घरच्यांनी लावून दिलेल्या लग्नात मुलेबाळे वाढवत आहेत. दुसरे, जी जनुके एका माणसात या कलाकडे झुकवतात, तीच त्याच्या नातलगांत वेगळा फायदा देत असतील. इटलीतल्या अँड्रिया काम्पेरिओ चियानी यांच्या गटाला समलैंगिक पुरुषांच्या आईकडच्या स्त्रियांना जास्त मुले असल्याचे दिसले. सामोआ बेटांवर ‘फाअफाफिने’ म्हणून ओळखले जाणारे, पुरुषांचेच आकर्षण असलेले पुरुष भाच्या-पुतण्यांची देखभाल इतर पुरुषांपेक्षा अधिक करतात, असे पॉल व्हेझी यांचे निरीक्षण आहे. मामाने भाच्यांना हात देण्याचा हिशोब मात्र सगळीकडे असा जुळलेला नाही. आणि थोरल्या भावांचा परिणाम असेल तिथे टिकवायला वेगळे जनुकच लागत नाही.

हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ नव्हे का?
— सोलापूर

कायदा तिकडचा होता, माणसे इकडचीच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संभोगाला सचैल स्नानाचे प्रायश्चित्त सांगितले आहे. तेच प्रायश्चित्त त्याच श्लोकात बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसाढवळ्या स्त्रीशी केलेल्या संभोगालाही आहे. आठव्या अध्यायात कुमारिकेला हात लावणाऱ्या स्त्रीला मात्र बोटे छाटण्यापर्यंत शिक्षा आहे. म्हणजे परंपरेत सगळे आलबेल होते असेही नाही. पण जे माहीतच नव्हते, त्याला कुणी प्रायश्चित्त लिहीत नाही.

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत मी ‘समलैंगिकता नैसर्गिक आहे’ या विषयाच्या बाजूने बोलणार आहे. जन्मजात असल्याचे सिद्ध झाले, हाच मुख्य मुद्दा ठेवू ना?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

ठेवू नकोस. हरशील, आणि हरलीस तर एका चांगल्या बाजूचे नुकसान होईल.

समोरचा हुशार असेल तर २०१९ चा अभ्यास काढेल आणि म्हणेल, ‘जनुक नाही, म्हणजे जन्मजात नाही, म्हणजे निवडलेले, म्हणजे बदलता येते, म्हणजे बदलायला हवे.’ या साखळीतली प्रत्येक कडी कच्ची आहे. तू तुझे भाषण ‘जन्मजात’वर उभे केले असशील, तर ती साखळी तूच त्याच्या हातात दिलेली असेल.

आधी प्रश्न सुटे कर. कल कशाने ठरतो, तो ठरवून बदलता येतो का, आणि त्याप्रमाणे वागण्याचा माणसाला हक्क आहे का, हे तीन प्रश्न आहेत. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे निघत नाही. मातृभाषा घे. कुणी मराठी घेऊन जन्मत नाही, तिचे जनुक नाही, ती पूर्णपणे परिस्थितीने मिळते. तरी ती कुणी निवडलेली नसते आणि मनात आणून पुसता येत नाही. म्हणजे ‘जन्मजात नाही’ पासून ‘निवडलेले’ पर्यंत रस्ताच नाही. उलट धर्म माणूस खरोखर निवडू शकतो, बदलू शकतो. तरी संविधानाचे २५ वे कलम त्याला संरक्षण देते. ‘तुझा धर्म जन्मजात असल्याचे सिद्ध कर’ असे कुणी म्हणत नाही. हक्क जन्मजातपणावर टांगलेला नाही.

हे नुसते तत्त्वज्ञान नाही. ‘जन्मजात आहे, त्यांचा काय दोष’ हा युक्तिवाद दयेचा आहे. उद्या जनुकचाचणी निघाली तर हाच युक्तिवाद ‘मग गर्भातच तपासू’ म्हणणाऱ्याला बळ देईल. गर्भलिंगनिदानाचा इतिहास असलेल्या महाराष्ट्रात याची आठवण करून द्यायची गरज नसावी. शिवाय उभयलैंगिक माणसे या युक्तिवादातून बाहेर पडतात. काही स्त्रियांत कल काळाबरोबर सरकतो, असे लिसा डायमंड यांनी दहा वर्षे त्याच स्त्रियांना पुन्हा पुन्हा भेटून नोंदवले आहे. आपसूक सरकणे वेगळे, दुसऱ्याने ढकलून सरकवणे वेगळे.

मांडणीचा क्रम असा ठेव. आरंभीच ‘नैसर्गिक’चे तीन अर्थ सांगून तू कोणता घेते आहेस ते स्पष्ट कर. मग मेंढ्यांचा पुरावा, थोरल्या भावांचा पुरावा आणि सांबियांचा पुरावा. हे तिन्ही प्रतिस्पर्ध्याला सहज उडवता येत नाहीत. हेमर आणि लव्हे वगळ. ५२ टक्के वगळ. ‘पंधराशे प्रजातींत आढळते’ हे वाक्य तर वगळच : कुठल्या वर्तनाला मोजले, असे परीक्षकाने विचारले की अडकशील. समोरचा कायद्यावर आला तर तारखा तोंडपाठ असू देत : दिल्ली उच्च न्यायालय २ जुलै २००९, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला ११ डिसेंबर २०१३, पाच न्यायमूर्तींनी प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले ६ सप्टेंबर २०१८. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला आहे, तो मिळाल्यासारखे बोलू नकोस.

आमच्या मुलाला (वय २३) एका डॉक्टरांनी ‘बारा बैठका आणि हार्मोनच्या इंजेक्शनांनी सहा महिन्यांत बदल’ असे सांगितले आहे. आगाऊ रक्कम मागतात. मुलगा नको म्हणतो. काय करावे?
— वडील, अहिल्यानगर

पैसे देऊ नका, आणि मुलाचे ‘नको’ हेच अखेरचे समजा. तो सज्ञान आहे. त्याच्या संमतीशिवाय असले काही करणे बेकायदा आहे.

इंजेक्शनांचे आधी. समलैंगिक आणि इतर पुरुषांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन सारख्याच मर्यादेत असते. बाहेरून ते दिले तर इच्छेचा जोर वाढतो, दिशा बदलत नाही. १९४० च्या दशकातच हे करून पाहिले गेले. वर मुरमे, रक्त दाट होणे आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावणे हे दुष्परिणाम. म्हणजे ‘लग्न लावून नातू पाहू’ या आशेने दिलेले इंजेक्शन नेमके त्याच आशेवर घाला घालते. उलट बाजूचे हार्मोन १९५२ मध्ये इंग्लंडात गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांना न्यायालयाच्या आदेशाने वर्षभर दिले. इच्छा मंदावली, छाती वाढली, कल होता तिथेच राहिला.

बैठकांबाबत, असे डॉक्टर बहुधा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांच्या अभ्यासाचा दाखला देतात. बदल होऊ शकतो, असे त्यात म्हटले होते. त्यातले २०० लोक बरेचसे असे उपचार करणाऱ्या संस्थांनीच सुचवलेले होते, माहिती फोनवर विचारून घेतलेली, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी स्वतः समलैंगिकांची माफी मागितली. संमोहन असो की किळस वाटेल अशी चित्रे आणि झटके असोत, यातून बाहेर पडतात ती खचलेली, स्वतःचा तिरस्कार करणारी मुले. काही जण थोडे दिवस ‘बदललो’ म्हणतात, कारण घरच्यांना तेच ऐकायचे असते. त्या काही दिवसांत लग्न ठरते आणि मग एकाऐवजी दोन आयुष्ये अडकतात.

कायदेशीर बाजू पक्की आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये तेच स्पष्ट केले. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांच्या आदेशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये असे ‘रूपांतर उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले आहे. आजारच नाही, तर उपचार कशावर?

तेव्हा असे करा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो टिपून घ्या. क्रमांक नसेल, तर तो माणूस डॉक्टर आहे की नाही इथूनच शंका सुरू होते. काय बदल करणार, कोणत्या औषधाने, किती मात्रेत, हे त्यांच्याकडून लेखी मागा. बहुतेक जण इथेच मागे सरतात. लेखी दिले, किंवा आधीची चिठ्ठी आणि पैशांची पावती तुमच्याकडे असेल, तर तारखांसह महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. ‘समुपदेशक’, महाराज किंवा योगगुरू यांच्यावर वैद्यकीय परिषदेचा अंमल चालत नाही, म्हणून तिथे अधिक सावध राहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती तपासता येते.

मुलाला झोप नसेल, भूक गेली असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर त्यावर उपचार जरूर करा. ते नैराश्य आहे आणि ते बरे होते. मनोविकारतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सरळ विचारा : ‘तुम्ही कल बदलायचा प्रयत्न करणार का?’ उत्तर ‘हो’ किंवा ‘बघू’ आले तर उठून या. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. मुंबईत हमसफर ट्रस्ट बरीच वर्षे या क्षेत्रात काम करत आहे. मुलाला तिथे पाठवण्याआधी तुम्ही स्वतः बोललात तर जास्त उपयोग होईल, कारण प्रश्न सध्या त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त पडलेले दिसतात.